बडोद्याच्या पावसाळ्यात बेडूक ओळखायला शिका: आधी आवाज, मग पाय, मग अंडी

जून संपता संपता बडोद्यात एक दणदणीत पाऊस होतो आणि भायली, सेवासी, वाघोडिया रोड या बाजूंच्या रिकाम्या प्लॉटांतून रात्रभर आवाज सुरू होतात. बहुतेकांच्या लेखी ते सगळे ‘बेडूक’. पण एका मोठ्या डबक्याभोवती चार-पाच जाती एकाच वेळी ओरडत असतात, आणि एखाद्या मोसमात कान तयार केला तर गॅलरीत उभं राहूनही त्यातल्या दोन-तीन नावानिशी सांगता येतात. त्यासाठी प्रयोगशाळा लागत नाही, बेडूक पकडावाही लागत नाही. लागतो तो क्रम: आधी ऐकायचं, मग पाय आणि कातडी बघायची, मग अंडी शोधायची. रंग अगदी शेवटी. नवशिक्यांची निम्मी ओळख चुकते ती रंगापासून सुरुवात केल्यामुळे, असं माझं ठाम मत आहे. त्वचेतल्या रंगपेशी आकसतात-पसरतात, त्यामुळे एकच भेक (खडबडीत, चामखिळींच्या कातडीचा बेडूक, इंग्रजीत टोड) कोरड्या मातीत विटकरी आणि ओल्या पाचोळ्यात जवळजवळ काळा दिसू शकतो.

उभयचर कोण आणि कोण नाही

इथे पहिला गोंधळ होतो, आणि आपल्या शहरात तो जास्तच होतो. ‘जमिनीवर आणि पाण्यात राहतो तो उभयचर’ अशी शाळेतली व्याख्या डोक्यात बसलेली असते. मग विश्वामित्री नदीतली मगर उभयचर, कमाटीबागेतलं कासव उभयचर, असं मुलं बिनदिक्कत लिहून येतात. मगर आणि कासव हे सरपटणारे प्राणी आहेत. त्यांच्या अंगावर खवले किंवा ढाली असतात, अंड्याला कवच असतं आणि आत गर्भाभोवती पाणी धरून ठेवणारं आवरण असतं. म्हणून मगर अंडी घालायला पाण्याबाहेर येते आणि काठावर खड्डा करते. उभयचरांच्या अंड्याला कवच नसतं, नुसता जिलेटिनसारखा चिकट थर असतो. ते उघड्यावर पडलं की सुकतं. त्यांची कातडी उघडी, ओलसर असते आणि बहुतेकांचं बालपण कल्ल्यांनी श्वास घेत पाण्यात जातं. घर कुठे आहे यावरून उभयचर ठरवू नका, अंडं आणि कातडी यावरून ठरवा.

हा गोंधळ फक्त मुलांचा नाही. प्राण्या-वनस्पतींचं वर्गीकरण करणाऱ्या लिनियसने 1758 मध्ये ‘ॲम्फिबिया’ हा वर्ग केला तेव्हा त्यात साप, सरडे, कासवंही घातली होती. बेडकांना त्यांच्यापासून वेगळं काढलं ते पुढच्या शतकातल्या अभ्यासकांनी.

आज या वर्गात 8,000 हून अधिक जाती आहेत आणि जिवंत उभयचरांचे गण तीनच. अनुरा हा बिनशेपटीचा गण: सगळे बेडूक आणि भेक. दहातल्या जवळजवळ नऊ जाती याच गणातल्या. दुसरा यूरोडेला, म्हणजे शेपटी असलेले सॅलॅमँडर आणि न्यूट. भारतात ते फक्त पूर्व हिमालय आणि ईशान्येकडच्या डोंगरांत मिळतात. त्यामुळे बडोद्यात कोणी ‘सॅलॅमँडर सापडला’ म्हणून फोटो पाठवला, तर ती सापसुरळी किंवा पाल असणार. खवले आणि नखं दिसली की प्रश्न मिटला.

तिसरा जिम्नोफिओना, बिनपायांचे उभयचर. मराठीत यांना देवगांडूळ म्हणतात. सह्याद्रीच्या ओल्या जंगलात मातीखाली ते राहतात. अंगावर कड्यांसारख्या वळ्या असतात, पण आत पाठीचा कणा आणि दात असलेला जबडा असतो, त्यामुळे गांडुळाशी त्यांचं काही नातं नाही. बडोद्यात पावसाळ्यात न्हाणीघराच्या जाळीतून जो काळपट, दोऱ्यासारखा जीव वर येतो तो देवगांडूळ नसतो. तो वाळा साप असतो, बिनविषारी. भिंगातून बघितलं तर त्याचे गुळगुळीत चकाकणारे खवले दिसतात आणि अंगावर वळ्या नसतात. मारू नका, कागदावर घेऊन कुंडीत सोडा.

म्हणजे शहरापुरता गणाचा प्रश्न सोपा आहे: आपल्याकडे दिसतो तो अनुरा. खरं काम पुढे, कुल (गणाच्या आतला नातेवाईक जातींचा मोठा गट) आणि जाती ठरवण्यात.

आधी त्याचं शरीर समजून घ्या

माझ्या पिढीने बेडूक पाहिला तो कॉलेजच्या प्रयोगशाळेत, मेणाच्या ट्रेमध्ये टाचण्या मारून पसरलेला. यूजीसीने 2014 मध्ये प्राणिशास्त्रातली विच्छेदनं बंद करायला सांगितली, आणि ते योग्यच झालं. जिवंत बेडकाकडे दहा मिनिटं नीट बघितलं तर त्या ट्रेमध्ये न दिसणाऱ्या कितीतरी गोष्टी दिसतात.

घसा बघा. तो सतत खालीवर होत असतो. बेडकाला आपल्यासारख्या बरगड्या नाहीत आणि श्वासपटलही नाही. तोंडाचा तळ खाली घेऊन नाकपुड्यांतून हवा आत घ्यायची आणि तळ वर दाबून ती फुप्फुसांत ढकलायची, असा त्याचा श्वास चालतो. शिवाय ओल्या कातडीतूनही प्राणवायू आत जातो. हृदयाला तीन कप्पे: दोन अलिंदं, एक निलय.

आता पोटाकडे. नळाखालच्या ओल्या फरशीवर भेक मांड्या फाकवून, पोट टेकवून बराच वेळ बसलेला दिसला, तर तो पाणी पीत असतो. बेडूक तोंडाने पाणी पीत नाहीत. पोटाच्या खालच्या आणि मांड्यांच्या आतल्या बाजूची पातळ कातडी पाणी शोषून घेते. हीच कातडी मीठ, साबण, फिनेल, कीटकनाशक सगळंच शोषते. न्हाणीघरात आलेल्या बेडकावर मीठ टाकायची पद्धत अजून काही घरांत आहे. ती फार क्रूर आहे, कारण मीठ त्याच्या अंगातलं पाणी ओढून घेतं. ओला प्लास्टिकचा डबा त्याच्यावर पालथा घाला, खालून पुठ्ठा सरकवा आणि बाहेर झाडाखाली सोडा. डासांचं मलम लावलेल्या हाताने तर बेडकाला कधीच शिवू नका.

तो खाताना सापडला तर आणखी छान. जीभ पुढच्या बाजूने जबड्याला जोडलेली असते, त्यामुळे ती उलटी फेकली जाते. किडा तोंडात गेला की बेडूक डोळे मिटतो. त्या क्षणी डोळ्यांचे गोळे खाली टाळूकडे दाबले जातात आणि घास घशात ढकलायला मदत करतात. दिव्याखाली किडे टिपणाऱ्या भेकाकडे बघत बसा, डोळे आत गेलेले स्पष्ट दिसतात.

कधी जायचं, कुठे जायचं

पहिल्या मोठ्या पावसानंतरच्या दोन-तीन रात्री वर्षभरात सगळ्यात मोलाच्या. त्या चुकवू नका. अंधार पडल्यावर निघा, पाऊस थांबून हवा दमट असेल तर उत्तम. ऑगस्टमध्ये प्रौढांचे आवाज कमी होतात, पण टॅडपोल (अंड्यातून निघालेली, शेपटीची, पाण्यातली पिल्लं) आणि छोटे बेडूक बघायला तेव्हा जावं.

मोठे तलाव सगळ्यात आधी आठवतात, पण बेडकांसाठी ते दुय्यम. सूरसागराचे काठ उभे, बांधलेले आहेत, पिल्लाला बाहेर यायला उतार नाही, आणि मोठ्या तलावांत मासे असतात. अंडी आणि टॅडपोल माशांचं आवडतं खाणं. दिवाळीपर्यंत आटून जाणारं डबकं बेडकाला मोलाचं, कारण तिथे मासे टिकत नाहीत. म्हणून रिकामे प्लॉट, शेताच्या बांधालगतचे चर, रस्त्याकडेचे खड्डे, बांधकामाच्या जागेजवळ साचलेलं पाणी इथे शोधा. टिंबी तलावाच्या आसपासची शेतं आणि आजव्याच्या रस्त्यालगतची सखल जागा चांगली. जुन्या वस्तीत, दांडिया बाजार किंवा बाबाजीपुऱ्यात, राहणाऱ्यांनी वाड्याच्या मागच्या अंगणातला हौद आणि मोरी सोडू नये. जंगलातलं बघायचं असेल तर पावागड आणि जांबुघोडा आहेच, पण सुरुवात घराजवळ करा.

विश्वामित्रीच्या काठाला मात्र रात्री जायचं नाही, पुलाखाली नाही आणि नदीला मिळणाऱ्या नाल्यांजवळही नाही. शहरातून वाहणाऱ्या या नदीत मगरी आहेत. ऑगस्ट 2024 च्या पुरात त्या सोसायट्यांच्या रस्त्यांवर आलेल्या सगळ्यांनी पाहिल्या. पूर ओसरल्यावर पाणी साचून राहिलेल्या खोलगट जागाही काही दिवस टाळा.

दुसरी भीती सापांची. बेडूक जमले की दिवड येतो, तो बिनविषारी. पण घोणस आणि मण्यारही त्याच गवतात असतात. गुडघ्यापर्यंतचे गमबूट घाला, हात घालण्याआधी टॉर्च मारा, एकटे जाऊ नका. पायाला जखम असेल तर साचलेल्या पाण्यात उतरू नका, लेप्टोस्पायरोसिसचा धोका असतो.

सामान थोडंच: टॉर्च, ज्याच्या काचेवर लाल जिलेटिन कागद लावता येईल, रेकॉर्डिंगसाठी मोबाइल, वही-पेन्सिल, एक पारदर्शक डबा आणि दहा रुपयांचं नाणं. नाण्याचा व्यास 27 मिलिमीटर आहे, बेडकाशेजारी ठेवून फोटो काढला की घरी बसून लांबी काढता येते. लांबी नाकाच्या टोकापासून गुदद्वारापर्यंत मोजतात, पाय धरत नाहीत.

पायरी पहिली: दिवा बंद करून ऐका

पोहोचल्यावर आवाज थांबतात. टॉर्च बंद करून उभे राहा, पाच-सात मिनिटांत पुन्हा सुरू होतात. ओरडतात ते बहुतेक नरच, मादीला बोलवायला. घशाखालची किंवा गालाजवळची स्वरकोषाची पिशवी फुगते आणि आवाज घुमतो. प्रत्येक जातीची हाक वेगळी असते, कारण मादीला आपल्याच जातीचा नर हवा असतो. दिसायला सारख्या असलेल्या दोन जाती कित्येकदा आवाजावरूनच वेगळ्या कळतात.

ऐकताना तीन प्रश्न विचारा. आवाज तुटक आहे की सलग? जाड आहे की बारीक? पाण्यातून येतो, काठावरून की झुडपातून?

सलग, लांबलचक, एका सुरातली ‘कुर्र्र्र्’ पाण्याच्या काठावरून येत असेल तर तो भेक. जाड, दणदणीत ‘डराँव’ उथळ पाण्यातून येत असेल तर मोठा बुलफ्रॉग. गवतातून किरकिऱ्यासारखी भरभर ‘ट्रिक-ट्रिक-ट्रिक’ आली तर मिनर्वेरिया प्रजातीतला (प्रजाती म्हणजे कुलाच्या आतला, अगदी जवळच्या जातींचा गट) छोटा बेडूक. पाण्याच्या कडेच्या गवतातून एखादा खरखरीत, कंगव्याच्या दातांवरून नख ओढल्यासारखा आवाज येतो आणि तो इतका मोठा असतो की आपण मुठीएवढा प्राणी शोधत बसतो. तो मायक्रोहायला, जेमतेम अडीच सेंटिमीटरचा. आणि डोक्याच्या उंचीवरून, फांदीतून किंवा टाकीमागून थांबून थांबून लाकडावर टिचकी मारल्यासारखं ‘टक... टक-टक-टक’ आलं, तर झाडबेडूक.

प्रत्येक आवाज अर्धा मिनिट रेकॉर्ड करा आणि शेवटी आपल्याच आवाजात तारीख, वेळ, जागा बोलून ठेवा. पुढे हेच रेकॉर्डिंग सगळ्यात जास्त उपयोगी पडतं.

पायरी दुसरी: पाय, कातडी, डोकं

आता टॉर्च लावा, लाल कागदासकट. फोटो चार हवेत: वरून पाठ, बाजूने चेहरा, मागच्या पायाचा पंजा आणि मांडीची मागची बाजू. यातला पंजा सगळ्यात महत्त्वाचा, कारण प्राणी कुठे आणि कसा जगतो ते सगळं त्यात उमटलेलं असतं.

बोटांच्या टोकांना गोल चकत्या असतील तर तो चढणारा. बोटांच्या टोकापर्यंत पडदा असेल तर पाण्यात राहणारा. पडदा तोकडा आणि टाचेजवळ फावड्यासारखी कडक गाठ असेल तर बिळात उतरणारा. एवढं पाहिलं की कुल जवळजवळ ठरतं.

भेक, ब्युफोनिडी कुल. कातडी कोरडी आणि चामखिळींनी भरलेली, उड्या छोट्या. डोळ्यांमागे दोन फुगीर लांबट ग्रंथी असतात, विष त्यांतच. आपल्याकडचा नेहमीचा भेक म्हणजे डटाफ्रिनस मेलॅनोस्टिक्टस. त्याच्या डोक्यावर, डोळ्यांच्या कडेने काळ्या रेघांसारखे उंचवटे असतात आणि बोटांची टोकंही काळी. डोक्यावर उंचवटेच नसतील, पाठ सपाट आणि संगमरवरी ठिपक्यांची असेल, तर तो दुसरा, मार्बल्ड टोड. भेकाला हात लावल्याने चामखीळ येत नाही, हे अजून किती घरांत सांगावं लागतं! हात धुवा म्हणजे झालं, डोळ्यांना लावू नका. कुत्र्याने भेक तोंडात धरला तर त्याच्या तोंडाला फेस येतो. अशा वेळी त्याचं तोंड बाजूला वळवून वाहत्या पाण्याने धुवा, पाणी घशात जाऊ देऊ नका, आणि डॉक्टरकडे न्या.

डायक्रोग्लॉसिडी हे आपल्याकडचं सगळ्यात भरलेलं कुल, आणि त्यातला राजा होप्लोबॅट्राकस टायगेरिनस, भारतीय बुलफ्रॉग. सोळा-सतरा सेंटिमीटरपर्यंत वाढतो. पाठीवर लांब उभ्या घड्या, बऱ्याचदा मधोमध फिकट रेघ, डोळ्यामागे मोठा गोल कर्णपटल. एरवी शेवाळी-तपकिरी. पण पहिल्या मोठ्या पावसाच्या रात्री नर लिंबासारखे पिवळे होतात आणि घशाच्या दोन्ही बाजूंचे स्वरकोष निळेशार फुगतात. गुडघाभर पाण्यात असे बरेच नर एकमेकांना ढकलत, एकमेकांच्या अंगावर चढत ओरडत असतात. दोन-तीन रात्रींत हे सगळं संपतं आणि नर पुन्हा मळकट होतात. ज्याने फक्त ते पिवळे नर पाहिले तो पंधरा दिवसांनी त्याच बेडकाला वेगळी जात समजतो. रंगाबद्दल सुरुवातीला जे म्हटलं ते यासाठीच.

हा बेडूक किडे, उंदीर, छोटे साप, इतर बेडूक सगळं खातो. याच जातीची तंगडी एकेकाळी भारतातून परदेशी जात असे. शेतातले बेडूक कमी होत चालल्याची चिंता वाढल्यावर 1987 मध्ये ही निर्यात बंद झाली.

याच कुलातला युफ्लिक्टिस सायनोफ्लिक्टिस हा वर्षभर दिसणारा. गटाराच्या पाण्यातही राहतो. डोळे डोक्याच्या वर बसवल्यासारखे, पायांना टोकापर्यंत पडदा. पाण्यावर अंग सोडून तरंगत असतो, आपण जवळ गेलो की पाण्याच्या पृष्ठभागावरून टणाटण उड्या मारत पळतो. ही त्याची ठळक खूण. मिनर्वेरिया लहान, सडपातळ, पाठीवर तुटक घड्या. त्यांच्या जाती एकमेकांशी इतक्या मिळत्याजुळत्या आहेत की नवशिक्याने प्रजातीपर्यंत लिहून थांबावं, जात ठोकून देऊ नये. स्फेरोथिका म्हणजे टाचेला फावडं असलेला गोलमटोल बेडूक. मागे मागे सरकत मातीत उतरतो आणि कोरडे महिने तिथेच काढतो.

मायक्रोहायलिडी. डोकं लहान, तोंड अरुंद, अंग त्रिकोणी. मायक्रोहायलाच्या पाठीवर गडद बाणासारखी नक्षी असते. याच कुलातला उपेरोडॉन फुग्यासारखा, मुंग्या-वाळवी खाणारा, वर्षातला बराच काळ जमिनीखाली. नर अंग फुगवून पाण्यावर तरंगत ओरडतात. तो दिसला तर त्या दिवशी दुसरं काही दिसलं नाही तरी चालेल.

ऱ्हॅकोफोरिडी, झाडबेडूक. शहरात दिसतो तो पॉलिपिडेटिस मॅक्युलेटस. पाय लांब, बोटांना चकत्या, मांडीच्या मागच्या बाजूला गडद पार्श्वभूमीवर पिवळे ठिपके. हाच न्हाणीघराच्या खिडकीत, बादलीमागे, फ्लशच्या टाकीत सापडतो, कारण कोरड्या दिवसांत त्याला ओल तिथेच मिळते.

पायरी तिसरी: अंडी आणि टॅडपोल

सकाळी त्याच जागी परत जा. रात्री ज्यांना ऐकलं त्यांनी काय ठेवलं ते दिसतं, आणि रात्रीची ओळख तपासून घेता येते.

पाणवनस्पतींभोवती गुंडाळलेल्या दोऱ्या, आत ओळीने काळे मणी: भेक. पाण्यावर पातळ साय पसरावी तसा बारीक अंड्यांचा एकेरी थर: मायक्रोहायला. आणि पाण्यावर नाहीच, तर पाण्याच्या वर, हौदाच्या भिंतीला किंवा लोंबत्या पानाला चिकटलेला पांढरट फेसाचा गोळा असेल तर तो झाडबेडकाचा. मादी चिकट द्रव सोडते आणि मागच्या पायांनी तो घुसळून फेस करते, अंडी त्यात राहतात. बाहेरचा थर सुकून कडक होतो, आत ओल टिकते. काही दिवसांनी गोळा खालून सैल होतो आणि टॅडपोल थेंबांसारखे खालच्या पाण्यात पडतात. हा फेस बुरशी समजून लोक ब्रशने घासून काढतात. हौद धुवायचा असेल तर टॅडपोल पाण्यात पडून, पाय फुटून बाहेर जाईपर्यंत थांबा.

टॅडपोलही ओळखू येतात. काळेभोर, थव्याने उथळ पाण्यात फिरणारे ते भेकाचे. काचेसारखे पारदर्शक, पाण्याच्या मध्यावर जवळजवळ स्थिर लटकलेले ते मायक्रोहायलाचे. ते पाणी गाळून खातात, त्यांच्या तोंडाला इतरांसारखी कडक चोच नसते. बुलफ्रॉगचे मोठे असतात आणि दुसऱ्या टॅडपोलना, कधी आपल्याच भावंडांना खातात.

पारदर्शक डब्यात त्याच डबक्याचं पाणी घेऊन एक-दोन टॅडपोल दहा मिनिटं बघा आणि परत सोडा. घरी आणून नळाच्या पाण्यात ठेवू नका, त्यातलं क्लोरीन त्यांना मारतं. त्यापेक्षा तीन-चार दिवसांनी त्याच डबक्याला भेट देत राहा. आधी बाहेर कल्ले दिसतात, मग ते कातडीखाली झाकले जातात. मागचे पाय आधी बाहेर दिसतात. पुढचे पाय आत, झाकणाखाली वाढत असतात आणि अचानक बाहेर येतात. मग शेपूट आतून विरघळू लागते. ती गळून पडत नाही, तिच्यातलं द्रव्य शरीर वापरतं. या दिवसांत पिल्लू जवळजवळ काही खात नाही, कारण शेवाळ खरवडणारं तोंड मोडून किडे धरणारं तोंड घडत असतं आणि लांब आतडं आखूड होत असतं.

हे सगळं थायरॉइड संप्रेरकाने चालतं. गुडरनाट्श या शास्त्रज्ञाने 1912 मध्ये टॅडपोलना घोड्याची थायरॉइड ग्रंथी खायला घातली आणि ते वेळेआधीच चिमुकले बेडूक झाले. नोंदीसाठी अभ्यासक गोस्नर यांनी 1960 मध्ये मांडलेले 46 टप्पे वापरतात. आपण ‘मागचे पाय, पुढचे पाय, आखूड शेपूट, बिनशेपटीचा’ एवढे चार लिहिले तरी पुष्कळ झालं.

नोंद आणि नावं

वहीत प्रत्येक नोंदीला तारीख, वेळ, जागा, शेवटचा पाऊस कधी पडला, पाणी कायमचं की तात्पुरतं, आवाज, दिसलेल्या खुणा, आणि ओळख किती खात्रीची, हे लिहा. खात्री नसेल तर कुलाचं नाव लिहून पुढे प्रश्नचिन्ह द्या. आयनॅचरलिस्ट या निसर्गनोंदींच्या संकेतस्थळावर फोटो आणि आवाज दोन्ही टाका, जाणकार मंडळी दुरुस्त करतात. प्रजननाची नेमकी जागा सार्वजनिक न दाखवता अंदाजे ठेवा.

जुनं पाठ्यपुस्तक जवळ असेल तर नावांनी गोंधळू नका. त्यातला राना टायग्रिना म्हणजे आताचा होप्लोबॅट्राकस टायगेरिनस आणि ब्युफो मेलॅनोस्टिक्टस म्हणजे डटाफ्रिनस. 2006 मध्ये उभयचरांच्या वंशवृक्षाची मोठी फेरमांडणी झाली, तेव्हा ब्युफो ही भलीमोठी प्रजाती अनेक तुकड्यांत विभागली गेली. आपल्याकडच्या तुकड्याला भारतीय बेडूक-अभ्यासक सुशील कुमार दत्त यांचं नाव मिळालं. डीएनए वाचता येऊ लागल्यापासून दिसण्यातलं साम्य आणि रक्ताचं नातं किती वेगळं असू शकतं ते कळत गेलं. सह्याद्रीतला जांभळा बेडूक 2003 मध्ये प्रसिद्ध झाला तेव्हा त्याचे जवळचे नातेवाईक थेट सेशेल्स बेटांवर निघाले.

डबकं वाचवायचं असेल तर

2023 मध्ये जगभरातल्या 8,000 हून अधिक जातींचा आढावा प्रसिद्ध झाला, त्यात सुमारे 41 टक्के उभयचर धोक्यात निघाले. कारणं बरीच: अधिवास जाणं, तापमान, आणि कातडीवर वाढणारी कायट्रिड बुरशी, जिचं शास्त्रीय वर्णन 1999 मध्ये झालं. ही बुरशी पाण्यातून आणि ओल्या चिखलातून पसरते. म्हणून जांबुघोड्याहून आल्यावर गमबूट धुऊन उन्हात खडखडीत वाळवल्याशिवाय दुसऱ्या पाण्यात जाऊ नका. एका डबक्यातले टॅडपोल दुसऱ्यात ‘सोडून’ देऊ नका, हेतू कितीही चांगला असो.

सोसायटीच्या आवारात थोडी सखल जागा असेल आणि पावसाळ्यात तिथे पाणी साचत असेल, तर ती भरून फरशी घालायचा ठराव आला की उभे राहून बोला. डासांचा मुद्दा निघेल, तो खराही आहे. पण डास छपरावरच्या टायरात, कुंडीखालच्या ताटलीत आणि उघड्या पिंपात जास्त होतात, आधी ती रिकामी करा. सखल जागेच्या पाण्यात डासांच्या अळ्या खाणारे मासे आणून सोडू नका, गंबुझिया मासा अंडी आणि टॅडपोलही फस्त करतो. ट्यूबलाइट रात्री अकरानंतर बंद ठेवता आली तर ठेवा आणि त्या बाजूला तणनाशक मारू देऊ नका. हौद किंवा सिमेंटची टाकी उभ्या भिंतींची असेल, तर एका कोपऱ्यात तळापासून काठापर्यंत विटांची उतरंड रचा किंवा खडबडीत फळी तिरकी टेकवून ठेवा. पुढचे पाय फुटलेलं पिल्लू फार वेळ पोहू शकत नाही, त्याला चढायला जागा लागते. फळी पाण्याच्या पातळीबरोबर खालीवर करावी लागते, तेवढं काम एखाद्या शाळकरी मुलाकडे द्या.